तंबूत तू उठून उभी राहिलीस तेव्हा

आक्का,

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. तेराव्याला आलेले पाहुणे परत गेले, घर पुन्हा घरासारखं झालं आणि गिरजा मला रोज एकच सांगते, "एकदा रडून घ्या, मोकळं वाटंल." मला रडू येत नाही. मला राग येतो. सकाळी तोंड धुताना येतो, शाळेत हजेरी घेताना येतो. तुझा येतो, दाजींचा येतो, आणि सगळ्यात जास्त कुणाचा येतो ते तुला माहीत आहे. म्हणून तुलाच लिहायला बसलोय. तुला वाचता येत नव्हतं. मी सरकारी शाळेतला मुदर्रिस, दुनियेच्या पोरांना शिकवून पोट भरणारा, आणि सख्ख्या बहिणीला मी एक अक्षर शिकवलं नाही. पण ते राहू दे. आधी उरुसाचं लिहितो.

त्या वर्षी मला परभणीला नवी नवी नोकरी लागली होती. एका खोलीत एकटाच राहत होतो, गिरजा अजून नांदायला यायची होती. उरुसाच्या निमित्तानं तू पेडगावाहून आलीस, चार वर्षांच्या यमुनेला काखेत घेऊन. दाजी आले नव्हते. तुझ्या डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. मी विचारलं. तू म्हणालीस, "गोठ्यात पडले. खुंटा लागला."

मी म्हणालो, "जपून चालत जा की."

झालं. पाच वर्षांनी मोठी माझी बहीण. माय शेतात गेली की मला कडेवर घेऊन गावभर हिंडणारी. तिच्या तोंडावर माणसाच्या हाताची खूण होती आणि मी तिला जपून चालायला सांगितलं. खरं सांगू? खुंटा म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं. खुंट्याशी भांडायला कुणाला जावं लागत नाही.

उरुसात टूरिंग टॉकीजचा तंबू लागला होता. बोलपट तू कधी पाहिला नव्हतास. "देवाधर्माचा हाय का?" विचारलंस. मी म्हणालो, संसाराचा आहे. बाया एका अंगाला, गडी एका अंगाला, मधे कनात बांधलेली. तू यमुनेला मांडीवर घेऊन पलीकडे बसलीस, मी अलीकडे. बाहेर इंजिन धडधडत होतं आणि वारा आला की पडद्यावरची माणसं पोटातून हलल्यासारखी हलत होती. पहिल्यांदा लोक हसले. मग हसायचे थांबले.

बोलपटातल्या बाईचा नवरा कारकून होता. घरात सासू. बाई दिवसभर राबायची, उपाशी झोपायची, आणि नवरा घरी आला की पट्ट्यानं मार खायची. कुणी विचारलं की सांगायची, पडले. कधी सांगायची, चुलीपाशी भाजलं. मग एकदा शेजारची म्हातारी तिची वेणी घालायला बसते, तिला डोक्यात जखम दिसते. ती विचारते, हे कशानं गं? बाई बोलतच नाही. तिचं तोंड पडद्याएवढं मोठं झालं होतं, आणि ती बोलत नव्हती, आणि तंबूत कुणी खोकत सुद्धा नव्हतं. मग ती म्हणाली, "पडले नाही. मारलं."

पुढे ती लेकराला घेऊन घर सोडते. सडकेवर खडी फोडते, लोकांची भांडी घासते, आजारी पडते, उठते, लेकरू मोठं करते. आणि शेवटी, नोकरी गेलेला, खंगलेला नवरा अनवाणी तिच्या दारात येतो. रडतो. ती त्याला उठवते आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवते. गाणं सुरू होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रडलो, आक्का. उपरण्यानं डोळे पुसत बाहेर आलो. मला वाटलं, तूही रडली असशील.

रडलीच होतीस. पदर ओला होता, डोळे सुजले होते. यमुना खांद्यावर झोपली होती. थोडं अंतर चालून गेल्यावर तू विचारलंस, "कुठं रडलास?"

"कुठं म्हणजे?"

"शिनेमात. कोणत्या जागी?"

"शेवटी," मी म्हणालो. "तो परत येतो तिथं."

तू थांबलीस. "तवा मी उठून उभी राहिले होते," म्हणालीस. "मागच्या बाया वरडायल्या, बस की गं, दिसंना. माझ्यानं बसवंना. ती पाया पडायली तर मला वाटलं, जाऊन तिचा हात धरावा."

मला हसू आलं. तू हसली नाहीस. रेवड्यांच्या दुकानाशी आलो तेव्हा, उजेडात, तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "किसन, मी गोठ्यात पडले न्हाई. मारलंय. हे आजचं न्हाई, लगीन झाल्यापासून हाय."

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, म्हणून जास्त आठवत असेल. मी म्हणालो, "उद्या बोलू."

त्या उद्याला मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली, तुला स्टेशनवर नेलं आणि पेडगावच्या गाडीत बसवून दिलं. यमुनेला रेवड्यांचा पुडा दिला. गाडी हलेपर्यंत मी उरुसाच्या गर्दीबद्दल बोलत राहिलो. परक्या बाईसाठी, कापडावरच्या बाईसाठी तंबूत रडलेला माणूस मीच, आणि ज्या घरात तुला मारत होते तिथं परत पाठवणाराही मीच. दोन्हींच्या मधे एक रात्र सुद्धा पुरी गेली नव्हती.

दोन महिन्यांनी तुझ्या सासऱ्यांचा निरोप आला. येऊन बहिणीला समजावून जा. मी गेलो. ओसरीवर ते बसले होते, दाजी खांबाला टेकून सुपारी कातरत होते. सासरे म्हणाले, "मास्तर, मारलं आसंल. कोणाच्या घरात मारत न्हाईत? पर ही पाणवठ्यावर सांगायली. कोणी इचारलं का हाताला काय झालं, तर सरळ म्हणायली, नवऱ्यानं मारलं. भांडं घासल्यावानी सांगायली. आमच्या घराची इज्जत हाय का न्हाई?"

अडकित्त्याचा आवाज तेवढा येत होता.

मी आत आलो. तू चुलीपाशी होतीस. मी तुझ्यापुढं हात जोडले. "आक्का, गावात नको बोलू."

"मी खोटं बोलायलेय का?"

"खोटं न्हाई."

"मग?"

"लोक हसतात."

"न्हाई हसत," तू म्हणालीस. "तुला कोणी सांगितलं? हसत न्हाईत. दोघी माझ्यासंगं रडल्या. एका म्हातारीनं चोळीची बाही वर करून तिचं दाखवलं. चाळीस वर्साचं जुनं. तिचा नवरा मरून गेला, तरी तिनं कोणाला सांगितलं नव्हतं." मग तवा खाली उतरवलास आणि म्हणालीस, "मी मारायचं थांबवू शकत न्हाई, किसन. पडले म्हणायचं तर थांबवू शकते की."

मला यावर काय बोलायचं ते सुचलं नाही. नऊ वर्षं झाली, अजून सुचत नाही. पण तेव्हा मी गप्प राहिलो नाही, हेच तर वाईट आहे. मी म्हणालो, "सिनेमा असतो तो आक्का. खरं तसं नसतं." तू माझ्याकडं असं पाहिलंस की मी भाकरी न खाता उठलो.

त्यानंतर दीड वर्षानं दाजींनी यमुनेवर हात उचलला. तेवढ्यावर तू घर सोडून उठलीस. माझी बदली सेलूला झाली होती, गिरजा आली होती. मी पोरांना पाढे म्हणायला लावून बसलो होतो आणि शाळेच्या दारात तू, हातात गाठोडं, बाजूला यमुना, तिचा कान सुजलेला. पोरांनी पाढे थांबवले. मी पहिल्यांदा पोरांकडं पाहिलं, मग तुझ्याकडं. तू ते बघितलंस.

गिरजेनं तुला घरात घेतलं. मी नाही, गिरजेनं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं लोक म्हणतील की भावानं बहिणीला आसरा दिला. भावानं काय केलं ते आपल्या तिघांना माहीत आहे. दीड महिना झाला आणि सदर मुदर्रिस साहेबांनी, आमच्या हेडमास्तरांनी, सहज विचारलं, बहीण किती दिवस राहणार आहे? त्या सहज विचारण्यानं माझी झोप उडाली. मी तुला न सांगता दाजींना पत्र घातलं. येऊन घेऊन जावे, ती ऐकेल.

ते आले. तू जात्यावर बसली होतीस. अंगणात उभं राहून दाजी म्हणाले, "किसननं बोलावलं म्हणून आलोय."

तू जात्याचा खुंटा सोडला नाहीस. माझ्याकडं पाहिलंस. मग त्यांना म्हणालीस, "आलात तसं जावा." एवढंच. ते गेले. दिवस मावळायच्या आत तू गाठोडं बांधलंस. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाच्या मागं खोल्या होत्या, तिथं एक बघून आलीस. मी दारात आडवा झालो. "भाऊ गावात असताना बहीण जिनात कापूस घालायला जाणार? लोक काय म्हणतील मला?"

"लोक मला इचारतील," तू म्हणालीस, "आन मी सांगीन. तुला काही सांगावं लागणार न्हाई. सरक."

मी सरकलो.

तू गेल्यावर मी चार महिने तुझ्याशी बोललो नाही. मला वाटत होतं, अपमान माझा झालाय. मग मला विषमज्वर झाला. डोळे उघडले तेव्हा तू उशाशी होतीस, केसांत कापसाचा भुरा तसाच. गिरजा सांगते, तू नऊ दिवस कामावर गेली नाहीस. नवव्या दिवशी ताप उतरला. तू म्हणालीस, "मेला असतास तर मी भांडले कोणासंगं असते?" आणि उठून गेलीस. तेव्हापासून दर शुक्रवारी, शाळेला सुट्टी असायची तेव्हा, तू येऊ लागलीस. दारात उभी राहून पदर झटकायचीस, घरात भुरा नको म्हणून. माझ्या पोरीला भाजलेल्या शेंगा आणायचीस. आणि मला छळायचीस.

त्याच बोलपटावरून. मी म्हणायचो, माणूस बदलतो, आक्का. त्याला पस्तावा झाला होता. क्षमा ही केवढी मोठी गोष्ट आहे. तू म्हणायचीस, "बदलला आसंल. बदलू दे. चांगलंच हाय. पर पाया तिनं काऊन पडायचं?" मी म्हणायचो, तिचं मन मोठं होतं. तू म्हणायचीस, "मोठं मन आसंल तर भाकरी वाढावी. पाण्याचा तांब्या द्यावा. पाया?" गिरजा हसून मधेच म्हणायची, एवढी वर्षं झाली, त्या बाईला नातवंडं झाली असतील, सोडा आता. आम्ही सोडत नव्हतो. मी तावातावानं बोलायचो आणि मला कळायचं नाही की एका बोलपटाच्या शेवटासाठी मी एवढा का तापतो. आता कळतं. मी त्या कारकुनाची वकिली करत नव्हतो. मला वाटत होतं, तू त्याला माफ केलंस तर मलाही करशील.

सात हंगाम तू त्या जिनात कापूस घातलास. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जिन, उरलेल्या दिवसांत लोकांची निंदणी. खोकला तुला दोन वर्षांपासून होता, हे मला तुझ्या मरणाच्या महिनाभर आधी कळलं. इथं मला तुझा राग येतो. तू पडले म्हणायचं बंद केलंस ना? मारलं म्हणून सगळ्या गावाला सांगितलंस ना? मग खोकल्याचं का नाही सांगितलंस? शुक्रवारी माझ्या ओट्यावर बसून दोन दोन तास भांडायचीस आणि खोकला आला की पाणी प्यायला आत जायचीस. गिरजेला म्हणालीस, "दवाखान्यात नेतील आन काम बंद करा म्हणतील." बंद केलं असतंस! मी होतो की. पण मी होतो, यावर तू भरवसा तरी का ठेवावास? आक्का, माझा राग असा आहे. कुठूनही निघाला तरी फिरून माझ्याच दाराशी येतो.

शेवटचा आठवडा तू माझ्या घरी होतीस. एका दुपारी गिरजा बाहेर होती, यमुना पाणी आणायला गेली होती. मी धीर केला. तुझ्या पायथ्याशी बसलो. म्हणालो, "आक्का, मी दाजींना ते पत्र घातलं होतं..."

"कोणतं पत्र?" तू म्हणालीस.

"तू इथं आलीस तेव्हा..."

"मला झोप यायलीय," म्हणालीस आणि भिंतीकडं तोंड केलंस.

तुला झोप आली नव्हती. तुझे पाय मला कळतात, लहानपणी तुझ्या पायांवर झोपून मी मोठा झालोय. एवढं तरी ऐकून घ्यायचं होतंस. तीन वाक्यं होती माझी, पाठ केलेली. तू ती बोलू दिली नाहीस. मला शिक्षा केलीस, की मला त्यातून वाचवलंस, हे आता मी कुणाला विचारू?

आणि मग ते आले. पेडगावाहून, पॅसेंजरनं, त्यांच्या चुलत्याला घेऊन. तू अंगणात तिरडीवर होतीस. दाजी फाटकातूनच हंबरडा फोडून आले. म्हातारे झालेत, आक्का. दात पडलेत, एक डोळा गेलाय. तुझ्यापाशी बसून असे रडले की बाया पुन्हा रडायला लागल्या. जिनातल्या सोडून. त्या भिंतीशी ओळीनं उभ्या होत्या, कोरड्या डोळ्यांनी. लोकांनी दाजींना जागा करून दिली, पाठीवर हात ठेवले. चुलता म्हणाला, "नवरा हाय तवर बाईला दुसरं कोण आग देणार? मडकं ह्याच्या हातात द्या." सगळ्यांनी माना हलवल्या. सदर मुदर्रिस साहेबही म्हणाले, योग्य आहे. आग मी देणार असं आदल्या रात्री ठरलं होतं. मी मडकं धरून उभा होतो आणि, काय सांगू तुला, माझे हात पुढं झाले होते. द्यायला.

यमुना दारातून बाहेर आली. तेरा वर्षांची तुझी पोर. सगळ्यांपुढं म्हणाली, "मामा, त्यांच्या हातात देऊ नका."

कुणीतरी म्हणालं, "पोरी, आत जा."

ती गेली नाही. माझ्याकडं बघत राहिली. मी मडकं छातीशी धरलं. मग म्हणालो, "दाजी, तुमी मागं चला. आग मी देणार."

चुलता उठला. "काऊन?"

"ते तिला मारत होते," मी म्हणालो. "बारा वर्सं मारलं. मला माहीत होतं."

तीन-चार जाणती माणसं तिथूनच घरी गेली, सदर मुदर्रिस साहेबही. दाजी खाली मान घालून बसून राहिले, आणि मग खरोखरच सगळ्यांच्या मागून चालले.

तेराव्याला जिनातल्या धुरपताबाई आल्या होत्या. त्यांनी गिरजेला सांगितलं की दुपारच्या सुट्टीत तू बायांना तो बोलपट सांगायचीस. सात वर्षं. ज्यांनी तंबू पाहिला नाही त्यांना तो पाठ आहे. म्हणाल्या, "शेवट लय झकास हाय. नवरा दारात येतो. ती त्याला पाणी देते, भाकरी देते, आन म्हणते, आता तुमी जावा, मला कामाची येळ झाली." मी आत होतो. मी ऐकलं. आक्का, सात वर्षं तू माझ्याशी भांडलीस आणि तुझा शेवट मला एकदाही सांगितला नाहीस.

परवा चुलता पुन्हा आला, दोघांना घेऊन. यमुनेला न्यायला. बापाची पोर आहे, बाप तिचं लग्न करून देईल, मामाचा काय संबंध. अदालतीत जाऊ म्हणाला. मी ओट्यावर उभा राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, जा. मी पण येतो. कुठं काय झालं ते सगळं सांगतो. पोर इथून हलणार नाही. ते बराच वेळ बसले, धमकावून पाहिलं, मग गाडीची वेळ झाली म्हणून उठले. हल्ली गावोगावी धामधूम चालू आहे, अंधार पडायच्या आत सगळ्यांनाच घर गाठायचं असतं.

मी आत आलो. कितीतरी वर्षांनी बरं वाटत होतं. यमुना ज्वारी निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याजवळ उभा राहिलो. ती काहीतरी म्हणेल असं मला वाटलं. मामा म्हणेल, बरं झालं म्हणेल.

ती सुपातले खडे वेचत राहिली. वर न बघता म्हणाली, "आईला ऐकू जात होतं तवा बोलायचं होतं, मामा."

आणि सूप घेऊन उठली, अंगणात जाऊन ज्वारी पाखडायला लागली.